कानाचं तेवढं आधी सांगत जावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मालवणच्या स्कूबावर, म्हणजे पाठीला सिलिंडर लावून समुद्रात बुडी मारण्यावर, पानभर लेख आलाय, फोटो एक नंबर, दुकानातल्या पोरांनी वाचला आणि लगेच दिवाळीनंतर जायचं ठरवून मोकळी पण झाली. पण त्यातली दोन वाक्यं वाचून मला राहवलं नाही. एक, 'पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर बांधून'. दुसरं, 'यासाठी काहीही शिकावं लागत नाही'. पहिलं सरळ चूक आहे. दुसरं खरंय, आणि ते खरं आहे हीच खरी अडचण आहे. मी कोल्हापुरात बावीस वर्षं टायरचं दुकान चालवतोय, हवा आणि प्रेशर हाच आपला धंदा, आणि तरी चार वर्षांमागं त्याच मालवणात कानाचा पडदा फोडून घेऊन आलोय, त्यामुळं पत्र जरा लांबेल. जागा नसली तर कुठंही कापा, फक्त कानाचा भाग कापू नका.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आणि मेहुण्याची फॅमिली अशा दोन गाड्या काढून फोंडा घाटानं खाली उतरलो. मला दोन दिवसांपासून सर्दी होती, पण सर्दीला कोण विचारतंय, ट्रिप ठरली की ठरली. सकाळी जेटीवर गेलो तर गर्दी ही तोबा. माणशी हजार म्हणाले, आठ माणसं आहोत म्हणून मी आठशेवर आणलं, (हे मुद्दाम लिहितोय, पुढं कामाला येईल). एकानं पॅडवर लावलेला इंग्रजी फॉर्म दिला, खाली सही करा म्हणाला, मी आठच्या आठ फॉर्म न वाचता भरले, बायकोच्या नावापुढं पण मीच सही ठोकली. दुचाकीच्या इन्शुरन्सला जेवढं वाचतो तेवढं पण वाचलं नाही. मग बोट किल्ल्याच्या अंगाला एका खडकापाशी नेऊन लावली, अंगात ते काळं जाकीट, तोंडात नळी, नाक झाकणारा चष्मा, आणि सूचना काय तर 'तोंडानं श्वास घ्या, घाबरू नका, फोटोला हसा'. तोंडात नळी धरून हसायचं कसं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

शिडीवरनं पाण्यात उतरलो. मागनं एका पोरानं सिलिंडरला धरलं आणि नेलं खाली. पाच-सहा फुटांपर्यंत भारी वाटलं, आपण पाण्याखाली श्वास घेतोय हेच डोक्यात बसत नव्हतं. त्याच्या खाली गेलो तसा डाव्या कानात कोणीतरी पोकर खुपसल्यासारखं झालं. (पोकर म्हणजे आमच्यात ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढताना भोकात घालून फिरवायची कानस असती ती, ज्यानं बघितलीय त्याला कळेल.) मला वर जायचं होतं. सांगायचं कसं? तोंडात नळी. मी हात हलवला, जोरजोरात हलवला, समोर कॅमेरा घेऊन दुसरा पोरगा होता, त्याला वाटलं काका हाय करतायत, त्यानं पण हाय केलं आणि माझ्यापुढं ब्रेडचा चुरा सोडला. क्षणात शे-दोनशे मासे तोंडाभोवती, पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले, मला मासे दिसेनात, कॅमेरा दिसेना, नुसता कान. मग कानात काहीतरी फट्‌ झालं, गार पाणी आत गेल्यासारखं वाटलं आणि सगळी दुनिया गोल फिरली. किती सेकंद फिरली माहीत नाही. पोरानं मला एका खडकाला धरून बसवलं होतं म्हणून बरं.

तिकडं मेहुण्याचं वेगळंच. त्याला सगळं झकास वाटत होतं, त्यानं कॅमेऱ्याला अंगठा दाखवला, भारी म्हणून. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. त्याला दोन मिनिटांत वर आणून बोटीत बसवला. पंधरा मिनिटांचे पैसे घेऊन दोन मिनिटं केली म्हणून त्यानं तिथं जो दंगा घातला तो मालवणच्या जेटीपर्यंत ऐकू गेला असंल. आज कळतंय की पोरानं केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. 'सगळं ठीक' सांगायला अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा, अंगठा वर म्हणजे वर, अंगठा खाली म्हणजे खाली, आणि काही बिघडलं तर पंजा आडवा धरून डुगडुग हलवायचा आणि मग जिथं दुखतंय तिकडं बोट दाखवायचं. चार खुणा. सांगायला मिनिट पण लागत नाही. मला त्या आडव्या पंजाची खूण माहीत असती तर कान वाचला असता.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला, खाली गाणं टाकलेलं. त्यात मी आहे, हात हलवतोय, भोवती मासे. सासरवाडीच्या ग्रुपवर अठ्ठावीस जणांनी अंगठे दिले. सासूबाई आजपण कोणी पाहुणा आला की तो व्हिडिओ लावतात, 'जावई बघा कसे मजेत आहेत'.

कोल्हापुरात आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले पडद्याला बारीक भोक पडलंय, आपोआप भरंल, पण अजिबात पाणी जाऊ द्यायचं नाही. पुढं महिनाभर अंघोळीला कापसाला व्हॅसलीन लावून कानात बोळा. दुकानात गिऱ्हाईक डाव्या बाजूनं बोललं तर मी नुसता हूं म्हणायचो. डॉक्टरांनी विचारलं, खाली जाताना नाक दाबून कान मोकळा केला नव्हता का? म्हटलं कुणी सांगितलंच नाही. ते नुसते हसले.

आता हे का होतंय ते माझ्या भाषेत सांगतो. गाडीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा टाकतो. समुद्रात दर तेहतीस फुटाला, म्हणजे दहा मीटरला, पाण्याचं प्रेशर साधारण पंधरा पौंडानं वाढतंय. म्हणजे दहा फुटावर साडेचार पौंड, वीस फुटावर नऊ पौंड. बाकी अंगाला त्याचं काही वाटत नाही कारण शरीर म्हणजे बहुतेक पाणीच, ते दबत नाही. दबती ती हवा. आणि हवा कुठं आहे, तर फुप्फुसात, नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांत आणि कानाच्या पडद्याच्या आत. पडद्याच्या बाहेरनं नऊ पौंड आणि आतनं काहीच नाही, मग तो कांद्याच्या पापुद्र्याएवढा पडदा करणार काय? आतनं तेवढीच हवा भरायची, एवढाच उपाय. कानातनं घशात एक बारीक नळी उतरती, एरवी ती मिटलेली असती, आवंढा गिळला की उघडती. आपल्याला कोल्हापूरकरांना तर हे सांगायला पण नको, फोंडा उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की फटकन सुटतात, तेच ते. फरक एवढाच की अख्खा घाट उतरून कानावर जेवढा फरक पडतो तेवढा समुद्रात जेमतेम दोन फूट खाली गेलं तरी पडतोय, त्यामुळं नुसत्या आवंढ्यावर भागत नाही, नाक चिमटीत धरून हलकी फुंकर आतल्या आत मारायची. पहिल्या फुटापासनं. दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर मारून उपयोग नाही, तोपर्यंत नळी चिमटून बसलेली असती, मग दोन-तीन फूट वर यायचं आणि परत करायचं. जोर लावायचा नाही. आणि सर्दी असंल तर ती नळी सुजलेली असती, फुंकर जाणारच नाही, त्या दिवशी पाण्यातच जायचं नाही. झालं. एवढंच आहे सगळं. एवढ्यासाठी माझा महिना गेला.

ऑक्सिजनचं पण उरकून टाकतो. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो हो. साधी हवा असती, तुम्ही आम्ही घेतो तीच, एकवीस टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन, फक्त गाळून दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन वीस फुटांच्या खाली गेलं तर तो विषासारखा चढतो, माणसाला पाण्यातच फिट येऊ शकती. म्हणजे तुम्ही जे छापलंय तसं कोणी खरंच केलं तर. तुमचा एकट्याचा दोष नाही, सगळे पेपर हेच छापतात, टीव्हीवाले पण.

तर कान बरा झाला आणि मी म्हटलं परत नाव घ्यायचं नाही. पण पोरगी ऐकंना. तिला त्या पंधरा मिनिटांत काहीही झालं नव्हतं, ती आपली सारखी आवंढे गिळत होती म्हणं, घाटातली सवय. ती आता कॉलेजला, गेल्या वर्षी म्हणाली पप्पा मला नीट शिकायचंय, कोर्स असतो. मी म्हटलं मग मी पण येतो, तुला एकटीला सोडणार नाही. आमची ही म्हणाली, एक कान राहिलाय तो पण घालवून या. पण गेलो. तारकर्लीत एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबाची संस्था आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतंय, शिवाय खाजगी सेंटरं पण आहेत, कोर्स करायला अंदमानातच जायला लागतंय असं काही नाही.

तिथं पहिल्यांदा तोच फॉर्म समोर आला. ह्यावेळी पोरीनं मला एकेक ओळ वाचून दाखवली. दमा आहे का, हृदयाचं काही, फिट येतात का, बीपीच्या गोळ्या, गरोदर आहात का, नुकतं ऑपरेशन, कानाचा त्रास झालाय का. कानाला 'हो' लिहिलं तर डॉक्टरांची सही घेऊन या म्हणून मला परत पाठवलं, शेवटी कानाच्या डॉक्टरांनी कान तपासून, आवंढा गिळायला लावून, लिहून दिलं तेव्हा आत घेतलं. आणि मी चार वर्षांमागं आठ माणसांच्या जिवावर बोटीत बसून धडाधड सह्या केल्या होत्या. मेहुण्याच्या बायकोला लहानपणापासून दमा आहे. नशीब ती बोटीवरच उलट्या करत बसली, खाली गेलीच नाही.

शिकवायला एक तिथलाच पोरगा होता, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, पंचविशीतला असंल. मी पोहणारा माणूस, पंचगंगेत ट्रॅक्टरची ट्यूब टाकून शिकलोय, विहिरीत मुटके मारलेत, दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं ही त्यांची परीक्षा मी सहज काढली. मला वाटलं झालं की, आता काय. तिथंच घोळ झाला. पोहणाऱ्याला सवय काय, तर दम धरायची. विहिरीत बुडी मारायची तर छाती भरून दम धरायचा. आणि इथला पहिला नियम की दम कधीही धरायचा नाही. का, तर परत टायरवाल्याच्या भाषेत सांगतो, तेहतीस फुटावर फुगा भरून तोंड बांधून वर आणला तर तो दुप्पट होतोय. फुप्फुसाचं तेच. खाली सिलिंडरमधनं भरून दम घेतला आणि तोंड मिटून वर आला तर आतली हवा फुगणार आणि फुप्फुस फाटणार. आणि हे खोल गेलेल्यांचंच असंही नाही, भरल्या छातीनं चार-पाच फुटावरनं वर येताना पण होऊ शकतंय. म्हणजे आपण ज्या पंधरा-वीस फुटांना 'काय उथळच आहे' म्हणतो तिथं हे नक्कीच होऊ शकतंय. विहिरीत होत नाही कारण आपण दम वरनं घेऊन जातो, खाली दबतो, वर आलो की पहिल्यासारखा होतो. सिलिंडरवाल्याचं तसं नाही, त्याचा दम खालचा असतो. मला हे समजायला अख्खी दुपार लागली. पोरगा दर वेळी माझ्या छातीकडं बघून म्हणायचा, "काका, दम सोडीत रवा." झोपेत पण ऐकू यायचं.

चष्म्यात मुद्दाम पाणी भरायचं आणि खालच्या खाली बाहेर काढायचं असा एक प्रकार असतोय. नाकाला पाणी लागलं की माणूस आपोआप नाकानं श्वास ओढतोय, हे डोक्याला समजतंय पण नाकाला समजत नाही. स्विमिंग टँकमध्ये गुडघे टेकून बसलो, पोरीनं एका दमात केलं, नाकानं फुंकर मारून मान थोडी वर केली, पाणी खालच्या कडेनं गेलं. मी तीनदा ठसका लागून उठून उभा राहिलो. टँक कमरेएवढा. कमरेएवढ्या पाण्यात सत्तेचाळीस वर्षांचा माणूस डोळे लाल करून खोकतोय आणि काठावर पोरगी तोंड फिरवून हसतीय. चौथ्या वेळी त्या पोरानं माझा दंड घट्ट धरून ठेवला, आणि बोटानं हळूहळू मोजत राहिला, एक, दोन, नुसता श्वास घ्या, तोंडानं, चष्मा भरलेला राहू दे. मिनिटभर तसाच बसलो, डोळे मिटून, नाकात पाणी, तोंडात हवा. तेव्हा कुठं नाकाला समजलं. मग फुंकर मारली, पाणी गेलं, डोळे उघडले तर समोर तो गोल करून विचारतोय, ठीक? मी पण गोल केला. खरं सांगतो, दुकानाची पहिली बोहनी झाली त्या दिवशी झालं नव्हतं तेवढं बरं वाटलं.

मधल्या सुट्टीत बाकीचे चहाला गेले, मी मागं जाऊन त्यांचा कंप्रेसर बघितला. आपली खोड. माझ्या दुकानातला कंप्रेसर दीडशे पौंडावर कट होतो, टाकी मोठी, आवाज जेटविमानाएवढा. ह्यांचा दिसायला बारका पण तीन-चार टप्प्यांत दाबून तीन हजार पौंडापर्यंत नेतो, आणि मग फिल्टरमधनं गाळून भरतात, तेलाचा वास पण येता कामा नये. हवा ओढायचा पाईप लांब नेऊन वाऱ्याच्या तोंडाला ठेवलेला, इंजिनाच्या धुरापासनं दूर, कारण त्यातला विषारी वायू एकदा सिलिंडरमध्ये गेला की खाली माणूस झोपल्यासारखा जातोय. पंक्चरच्या दुकानातली हवा भरून चालंल का हा माझा प्रश्न होता, उत्तर न विचारता मिळालं. सिलिंडरच्या खांद्यावर टेस्टची तारीख ठोकलेली असती. टायरवर नाही का चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, गिऱ्हाईक कधी बघत नाही पण आम्ही पहिल्यांदा तेच बघतो. इथं पण मी तेच केलं. आणि सिलिंडरच्या तोंडावर जो रेग्युलेटर बसतो तो ते तीन हजार पौंड पहिल्या टप्प्यात एकशेचाळीसच्या आसपास आणतोय, म्हणजे बघा, फिरून माझ्या टाकीएवढंच, आणि दुसरा टप्पा तोंडापाशी, तुम्ही ओढाल तेवढंच देणार. हा शोध १९४३ चा, फ्रान्समधले कूस्तो आणि गान्यां. त्यातला गान्यां इंजिनिअर, युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायचा व्हॉल्व्ह त्यानं बनवला होता, तोच पुढं पाण्याखाली गेला. म्हणजे मूळ धंदा आमचाच, गाड्यांचा.

शिशाचं पण तसंच. आम्ही चाक बॅलन्स करायला पाच-दहा ग्रॅमच्या पट्ट्या ठोकतो, इथं कमरेला किलोकिलोनं बांधतात. पहिल्या दिवशी मला जास्त लागलं होतं, मी दगडासारखा खाली आणि मग जाकिटात हवा भरली की बुचासारखा वर. एक किलो काढलं तर सगळं बदललं. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली, हातपाय न हलवता. पाण्यात तरंगणं ते नाही, बुडणं पण नाही. चाक मशिनवर फिरवलं आणि काटा शून्यावर थांबला की जे वाटतंय तेच, फक्त चाक आपण स्वतः असतो.

समुद्रात चार बुड्या. पाणी काही फोटोतल्यासारखं निळंशार नव्हतं, दहा-पंधरा फुटांपलीकडं हिरवट धूसर. पहिल्या बुडीला मी दोरीला धरून वीतवीत उतरलो, प्रत्येक वीतेला नाकाला चिमटी. डावा कान कुरकुरला, थांबलो, हातभर वर आलो, परत केलं, सुटला. पोरगी खाली जाऊन वाट बघत बसली होती, मला कोणाची घाई नव्हती. खडकाच्या फटीत मिशा हलवत शेवंड (लॉब्स्टर) बसलेली दिसली, माझ्या दंडाएवढी वाटली, वर येऊन सांगितलं तर पोरगा म्हणाला काका पाण्यात सगळं तिसऱ्या हिश्श्यानं मोठं दिसतंय. म्हणजे मासे पकडणारे जे सांगतात त्यात अगदीच खोटं नसतंय. एक गोबरा मासा होता, तोंड उघडं टाकून दुकानदारासारखा आपल्या बिळाच्या तोंडाशी बसलेला, आम्ही जवळ गेलो तरी हलला नाही. वरनं बोट गेली तर तिचा आवाज चारी बाजूनं, कुठनं येतोय काही कळंना, पाण्यात आवाज चौपट जोरात पळतोय म्हणून. आणि रक्तासारखी लाल दिसणारी पोरीची नेलपेंट खाली काळपट. माझी हवा अर्ध्या तासात संपत आली, पोरीच्या सिलिंडरमध्ये निम्मी शिल्लक. शेवटी वर येताना पंधरा फुटावर दोरीला धरून तीन मिनिटं थांबायचं असतंय, अंगात मुरलेला नायट्रोजन निवांत बाहेर पडावा म्हणून. गोटी सोड्याची बाटली एकदम फोडली की काय होतंय ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच कारणानं शेवटच्या दिवशी आम्हाला घाट चढू दिला नाही, कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, घाट त्याच्या वर, उंचावर हवेचं प्रेशर कमी, आज रात्र इथंच काढा, सकाळी जावा म्हणाले. विमानाला तर एका बुडीनंतर बारा तास आणि जास्त बुड्या झाल्या तर अठरा तास थांबा असं सांगतात. गोव्याला किंवा अंदमानला जाऊन दुपारी स्कूबा आणि संध्याकाळी फ्लाईट असं पॅकेज घेणाऱ्यांनी हे वाचावं. शेवटी पन्नास प्रश्नांचा पेपर, पंचाहत्तर टक्क्यांना पास. मी पास झालो. पोरीला किती पडले विचारू नका, माझ्यापेक्षा जास्त.

आता मुद्द्याचं. माझी बोटवाल्या पोरांवर तक्रार नाही. पावसाळ्यात सगळं बंद, आठ महिन्यांचा धंदा, दिवसाला किती फेऱ्या ती पोरं मारतात ते मी बघितलंय, थंडीनं ओठ निळे पडलेले असतात. आणि मी स्वतः हजाराचे आठशे केले होते, वर 'लवकर आवरा, चारला निघायचंय' म्हणून त्याच्या मागं लागलो होतो. दहा मिनिटं शिकवायला त्याला दहा मिनिटांचे पैसे कोणी द्यायचे? २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीत बोट उलटून दोन पर्यटक गेले, तेव्हापासनं लाईफ जॅकेटची चर्चा होती, व्हायलाच पाहिजे, पण पाण्याखाली काय होतंय त्याची चर्चा कोण करत नाही, कारण कान फुटलेला माणूस गप घरी जातो. माझ्यासारखे किती असतील देव जाणे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. जेटीवर तिकीट फाडतात तिथंच मोठ्या अक्षरात मराठीत बोर्ड लावा, सर्दी असंल तर उतरू नका, पहिल्या फुटापासनं नाक दाबून फुंकर, दम धरू नका, आणि चार खुणांची चित्रं. आजाराचा फॉर्म मराठीत द्या आणि प्रत्येकानं आपला आपण भरायचा, घरच्या कर्त्यानं सगळ्यांच्या सह्या ठोकायच्या नाहीत. आणि तुम्ही पेपरवाल्यांनी पुढच्या वेळी लेख छापला की हॉटेलचे रेट जिथं चौकटीत देता तिथं ह्या चार ओळी पण द्या.

अजून एक, कोर्स झाल्यावर डोक्यात आलं. तेव्हा मला ज्याला धरून बसवलं होतं तो खडक नव्हता, प्रवाळ होतं, जिवंत. १९८७ साली मालवणचा हा एकोणतीस चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि आम्ही त्यात बूड टेकवून माशांना ब्रेड चारत होतो. मासा कधी बेकरीत गेलाय का? पण ब्रेड नाही टाकला तर व्हिडिओत मासे येत नाहीत, आणि मासे नसले तर गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुरतंय. मी पण कुरकुरलो असतो.

दिवाळीनंतर माझ्या दुकानातली चार पोरं जाणार आहेत. काल दुकान बंद करताना चौघांना टायरच्या थप्पीवर बसवून नाक दाबून फुंकर मारायला लावली. तिघांचे दोन्ही कान सुटले. चौथ्याचा उजवा सुटंना, तो म्हणतोय मालक मला बारा महिने सर्दी असती. त्याला म्हटलं तू बोटीत बसून फोटो काढ, तुझे पैसे मी देतो. रुसलाय सध्या.

आपला,
एक टायरवाला वाचक,
कोल्हापूर

ता. क. तो फॉर्म पोरीनं अख्खा मराठीत लिहून काढलाय, औषधांची नावं ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारून. कुणा बोटवाल्याला पाहिजे असंल तर दुकानात झेरॉक्स ठेवल्यात. आणि ऑक्सिजनचं तेवढं दुरुस्त करून छापा.